अर्ज आणि मत

सार्वजनिक गाऱ्हाणें कोणतेंही असो, तें बोलून दाखविण्याच्या जागा आपणां सुशिक्षित मंडळींनीं जणूं ठरवूनच ठेविल्या आहेत. सकाळीं चहाच्या वेळीं घरांतील माणसांपाशीं, दुपारीं कचेरींतील सोबत्यांपाशीं, आणि संध्याकाळीं फिरावयास गेल्यावर बांकावर भेटणाऱ्या स्नेह्यांपाशीं आपण तें सविस्तर मांडतों. रस्ता कोणी उखडला, शाळेस शिक्षक कां नाहींत, नवा कायदा कोठें चुकला, यांविषयीं आपलीं मतें बहुधा पक्कीं असतात. आणि तीं मांडतांना आपली वाणीही चांगली चालते. मात्र ज्या एका व्यक्तीच्या कानीं हें गाऱ्हाणें घालावयाचें, जिला तें कायदेमंडळांत विचारण्याचा अधिकार आपणच दिलेला आहे, तिच्या नांवें दोन ओळी लिहाव्या, असें आपल्यापैकीं फारच थोड्यांच्या मनांत येतें. हा दोष आम्ही केवळ दुसऱ्यांस लावीत नाहीं. मत देऊं लागल्यापासून आमच्या हातून आमच्या प्रतिनिधीस किती पत्रें गेलीं, याचा हिशेब आम्ही स्वतःशींच करूं लागलों, तेव्हां त्यास एका हाताचीं बोटेंही लागलीं नाहींत.

या उदासीनतेचीं कारणें अनेक असतील. आळस हें त्यांत एक आहेच. परंतु 'अर्ज' या शब्दास आपल्या इतिहासांत जो एक कमीपणा चिकटला आहे, तेंही एक कारण असावें असें आम्हांस वाटतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं जहाल आणि मवाळ यांचा वाद रंगला, त्यांत मवाळांच्या अर्जविनंत्यांस 'भिक्षांदेही' म्हणून हिणविण्यांत आलें. तो वाद ज्या काळीं झाला त्या काळीं त्या टीकेला अर्थ होता. पण शाळेंत इतिहास शिकतांना आपण तो शब्द तेवढा पाठ केला, आणि अर्ज करणारा तो याचक, ही समजूत देश स्वतंत्र झाल्यावरही मनांत तशीच राहिली. त्या अर्जदारांची हकीकत प्रस्तुत लेखांत थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांनीं काय केलें, काय साधलें आणि ते कोठें अडले, हें नीट पाहिलें म्हणजे त्यांच्या हातीं जें नव्हतें तें आज आपल्या हातीं आहे, आणि त्यांच्या हातीं जें होतें तें आपण टाकून दिलें आहे, असें वाचकांस दिसून येईल.

आरंभ १८५२ पासून करूं. त्या वेळीं हिंदुस्थानचें राज्य ईस्ट इंडिया कंपनीकडे होतें, आणि कंपनीच्या सनदेची मुदत दर वीस वर्षांनीं पार्लमेंट वाढवून देत असे. १८३३ सालीं वाढविलेली मुदत १८५३ सालीं संपावयाची होती. म्हणजे वीस वर्षांतून एकदां कां होईना, येथील कारभाराचा विचार विलायतेंत होण्याचा योग येत असे. ती संधि साधण्याकरितां २६ ऑगस्ट १८५२ रोजीं मुंबईस 'बाँबे असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी, नौरोजी फर्दुनजी, दादाभाई नौरोजी ही मंडळी तींत होती. संस्थेनें त्याच वर्षीं पार्लमेंटकडे अर्ज केला. कंपनीचें एक मंडळ आणि सरकारचें दुसरें, अशा दुहेरी कारभारांत जबाबदारी कोणाचीच राहत नाहीं. खर्च फार होतो. कायदे करणाऱ्या कौन्सिलांत एतद्देशीयांस जागा नाहीं. अशा आशयाचीं गाऱ्हाणीं त्यांत होतीं.

आतां या अर्जदारांची स्थिति कशी होती पाहा. ज्यांच्याकडे अर्ज जावयाचा ते सभासद समुद्रापलीकडे. सुएझचा कालवा अद्याप झालेला नाहीं, तेव्हां कागद पोंचण्यासच कित्येक आठवडे लागावयाचे. आणि अर्ज करणाऱ्यांपैकीं एकाचेंही मत त्या सभासदांच्या निवडणुकींत नाहीं. अशा स्थितींत त्यांनीं लिहिलें. १८५३ च्या कायद्यानें त्यांची कौन्सिलाविषयींची मागणी पुरविली नाहीं. पुढें १८५७ चें बंड झालें, कंपनी गेली, आणि १८६१ च्या कायद्यानें प्रांतिक कौन्सिलांत सरकारनें नेमलेले एतद्देशीय सभासद घेण्याची सोय झाली. मुंबईच्या कौन्सिलांत जे एतद्देशीय प्रथम बसले त्यांत जगन्नाथ शंकरशेट होते. हें सर्व त्या एका अर्जानें घडविलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु नऊ वर्षांपूर्वीं जी मागणी नामंजूर झाली होती, ती कागदावर लिहिलेली होती, एवढें खरें. आणि लिहिलेली मागणी बोललेल्या मागणीइतकी सहज विसरली जात नाहीं.

मुंबईची ही संस्था मुख्यतः धनिकांची व विद्वानांची होती. अशा संस्थांवर राज्यकर्त्यांचा एक ठरलेला आक्षेप असे. तुम्ही मूठभर इंग्रजी शिकलेले लोक जें म्हणतां तेंच सर्व लोकांचें म्हणणें कशावरून? तुम्हांस बोलावयास कोणी सांगितलें? या प्रश्नास पुण्यानें जें उत्तर दिलें त्याचें महत्त्व आमच्या मतें पुरतेपणीं ओळखलें गेलेलें नाहीं.

पुण्यास पर्वती संस्थानच्या व्यवस्थेविषयीं लोकांत असंतोष होता. त्याची दाद लावण्याच्या खटपटींतून एक कायमची संस्था असावी असा विचार निघाला, आणि २ एप्रिल १८७० रोजीं पुणें सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे श्रीमंत पंतप्रतिनिधि हे तिचे पहिले अध्यक्ष. आणि खरा प्राण म्हणावा तर गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक पुढें 'सार्वजनिक काका' म्हणूं लागले. काका धंद्यानें वकील होते. वकिलास कोर्टांत उभें राहण्यापूर्वीं पक्षकाराचें वकीलपत्र दाखवावें लागतें. सभेनें हीच रीत सार्वजनिक कामांत आणिली. ज्यास सभासद व्हावयाचें त्यानें निदान पन्नास लोकांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणिलें पाहिजे, असा नियम झाला. पहिले ९५ सभासद असे सुमारें ६,००० लोकांचे मुखत्यार म्हणून बसले. त्या वेळीं या प्रांतांतील सामान्य माणसास कायदेमंडळाकरितां मत देण्याचा हक्क कोणत्याही कायद्यानें मिळालेला नव्हता. सरकारनें मतदारसंघ दिले नाहींत, तेव्हां लोकांनीं आपल्यापुरते ते स्वतः तयार केले. 'तुम्हांस कोणी सांगितलें?' या प्रश्नाचें उत्तर आतां कागदावर होतें, आणि त्याखालीं सह्या होत्या.

पुढच्याच वर्षीं महादेव गोविंद रानडे पुण्यास आले, आणि सभेच्या अर्जांस दुसरें एक बळ मिळालें. तें माहितीचें. जमीनमहसुलाचा प्रश्न हातीं घ्यावयाचा तर सभेनें आधीं चौकशी करविली, गांवोगांवची स्थिति जमविली, आणि १८७३ त तिचा अहवाल छापून काढिला. १८७६-७७ चा घोर दुष्काळ पडला, तेव्हां सभेच्या माणसांनीं जिल्ह्यांतून बातमी गोळा केली. कोठें पिकें बुडालीं, कोठें गुरें मेलीं, कोठें कामें निघालीं व मजुरी काय मिळते, याचीं टिपणें एकामागून एक सरकारकडे गेलीं. दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबानें मजुरी द्यावी असें सरकारनें ठरविलें, तेव्हां एवढ्यावर राबणाऱ्या माणसाचा देह टिकणार नाहीं, हें सभेनें आंकड्यांनिशीं मांडलें. येथें 'आम्ही गरीब आहों, दया करा' असा सूर नाहीं. अमुक गांवीं अमुक स्थिति आहे, अमुक हुकूम त्या स्थितीस पुरा पडत नाहीं, सबब तो बदलावा, असा हिशेब आहे. याचना आणि हिशेब यांतील हा भेद ज्यांच्या लक्षांत आला नाहीं, त्यांनींच या कामास सरसकट भिक्षा म्हटलें.

१८७५ सालीं सभेनें आणखी धाडसाची गोष्ट केली. हिंदुस्थानास पार्लमेंटांतच प्रतिनिधि पाहिजेत, असा हजारों सह्यांचा अर्ज तिनें हाउस ऑफ कॉमन्सकडे धाडिला. आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास सार्वजनिक काका गेले ते स्वदेशी सुताच्या जाड्याभरड्या खादीच्या पोषाखांत; हातीं सभेचें मानपत्र, आणि त्यांत मागणी अशी कीं, ब्रिटिश प्रजेस जो राजकीय व सामाजिक दर्जा आहे तोच हिंदी प्रजेस मिळावा. राजेरजवाड्यांच्या त्या झगमगाटांत हा वकील मुखत्यारपत्राच्या बळावर उभा होता.

येथवर अर्जदारांस दोन गोष्टी साधल्या होत्या: मुखत्यारी आणि माहिती. तिसरी मात्र साधत नव्हती, आणि ती कोणती हें त्यांस हळूहळू कळूं लागलें. पार्लमेंटांत हिंदुस्थानाविषयीं आस्था बाळगणारे सभासद नव्हते असें नाहीं. हेन्री फॉसेट हे अंध गृहस्थ येथील जमाखर्चाच्या प्रश्नांवर इतके बोलत कीं, त्यांस लोक 'हिंदुस्थानचे सभासद' म्हणत. पुढें चार्ल्स ब्रॅडलॉ यांनीं तोच भार उचलला; १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेसला ते स्वतः हजर राहिले, १८९० त त्यांनीं कौन्सिलांच्या सुधारणेचें बिल पार्लमेंटांत आणिलें, आणि १८९१ च्या जानेवारींत ते वारले. हीं माणसें मोठ्या मनाचीं होतीं. पण त्यांचें मोठें मन हाच काय तो आपला आधार होता. फॉसेटसाहेब १८७४ च्या निवडणुकींत ब्रायटनला पडले, तेव्हां हिंदुस्थानचे सभासद कोणी ठेवावे आणि कोणी काढावे हें ब्रायटनचे मतदार ठरवितात, ही गोष्ट उघड झाली.

म्हणून १८८५ सालीं एक निराळाच प्रयोग करण्यांत आला. विलायतेंत सार्वत्रिक निवडणूक होती. मुंबईहून नारायण गणेश चंदावरकर, बंगालहून मनमोहन घोष आणि मद्रासेहून रामस्वामी मुदलियार असे तिघे तिकडे गेले, आणि त्यांनीं गांवोगांव सभा घेऊन हिंदुस्थानचें गाऱ्हाणें इंग्लिश मतदारांपुढें मांडलें. सभासदांचे कान मतदारांच्या हातीं असतात, तेव्हां कानांस हात न लावतां हातांशींच बोलावें, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. पण फळ अल्प आलें. लंकेशायरच्या गिरणींतील मजूर आपल्या पोटाचा विचार करून मत देणार, पुण्याच्या कुणब्याच्या पोटाचा नव्हे. यांत त्याचा दोष नाहीं. मत ज्याचें असतें त्याचेंच काम तें आधीं करतें.

१८९२ सालीं दादाभाई नौरोजी सेंट्रल फिन्स्बरी मतदारसंघांतून अवघ्या पांच मतांच्या आधिक्यानें निवडून आले, आणि पार्लमेंटांत आपला माणूस बसला म्हणून या देशांत आनंदीआनंद झाला. तो आनंद योग्यच होता. तथापि दादाभाईंस पार्लमेंटांत बसविलें तें फिन्स्बरीच्या लोकांनीं, मुंबईच्या लोकांनीं नव्हे. पुढील वर्षीं, म्हणजे २ जून १८९३ रोजीं, सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा इंग्लंडाप्रमाणें हिंदुस्थानांतही एकाच वेळीं घ्यावी, असा ठराव हर्बर्ट पॉल यांनीं कॉमन्स सभेंत मांडला. दादाभाईंनीं त्यास दुजोरा दिला. आणि ८४ विरुद्ध ७६ मतांनीं तो मंजूरही झाला. चाळीस वर्षांच्या अर्जांस आलेलें हें केवढें फळ! परंतु सरकारनें ठराव अमलांत आणिला नाहीं. हिंदुस्थानांत ती परीक्षा घेतली गेली ती १९२२ त. मधल्या एकोणतीस वर्षांत, आमच्या ठरावाचें काय झालें, असें दटावून विचारणारा आणि उत्तर न मिळाल्यास पुढच्या खेपेस मत न देणारा मतदार विलायतेंत कोणी नव्हता. जे विचारीत होते त्यांस मत नव्हतें.

यानंतरची एक हकीकत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. १८९६-९७ सालीं या प्रांतांत पुन्हा दुष्काळ पडला. मागील दुष्काळाच्या अनुभवावरून सरकारनें दुष्काळनिवारणाचे नियम करून ठेविले होते. सारा तहकूब केव्हां करावा, कामें केव्हां काढावीं, हें त्यांत होतें. पण ते नियम इंग्रजींत आणि कचेरीच्या कपाटांत. ज्याच्याकरितां ते केले त्या कुणब्यास ते आहेत हेंच ठाऊक नाहीं. सार्वजनिक सभा त्या वेळीं टिळकांच्या पक्षाच्या हातीं आली होती. सभेनें त्या नियमांचें मराठी करून तें खेड्यापाड्यांत पोंचविलें, आणि सरकारनेंच जें देऊं केलें आहे तें मागावयास भिण्याचें कारण नाहीं, असें आपले लोक पाठवून शेतकऱ्यांस समजाविलें. वाचकहो, येथें अर्जाची जातच पालटली. आजवर शहरचा विद्वान् खेडुताच्या वतीनें लिहीत असे; आतां खेडुतास त्याचा हक्क वाचून दाखविण्यांत आला, व मागणारा तो स्वतः झाला. सरकारच्या हें लगेच ध्यानांत आलें. सार्वजनिक प्रश्नांवर सरकारास लिहिण्याचा अधिकार असलेली संस्था म्हणून सार्वजनिक सभेस यापुढें ओळखलें जाणार नाहीं, असें १८९७ त मुंबई सरकारनें जाहीर केलें. सत्तावीस वर्षें ज्या अर्जांस केराची टोपली दाखविली तरी चालत होतें, ते अर्ज घेणेंच बंद करावें असें सरकारास कां वाटलें? अर्ज निरुपयोगी असते, भिक्षा असते, तर त्यांची एवढी धास्ती कोणी घेतली नसती.

मधल्या काळांत कौन्सिलांचें दार थोडें किलकिलें झालें होतें. १८९२ च्या कायद्यानें म्युनिसिपालिट्या, लोकलबोर्डें इत्यादिकांच्या शिफारशीनें सभासद जाऊं लागले, आणि त्यांस प्रश्न विचारण्याचा व अंदाजपत्रकावर बोलण्याचा हक्क मिळाला. टिळक १८९५ सालीं मुंबई कौन्सिलांत गेले, गोखले १८९९ त गेले. गाऱ्हाण्यास आतां विलायतेपर्यंत जावें लागत नव्हतें. पण बहुमत सरकारी. १९०१ सालीं जमीनमहसुलाच्या कायद्यांत दुरुस्ती करणारें बिल आलें. रयतेच्या जमिनीवरील हक्कास त्यानें बाध येतो म्हणून जोराचा विरोध झाला. फिरोजशहा मेथांनीं तें लांबणीवर टाकण्याची सूचना केली, ती सरकारी मतांनीं पाडण्यांत आली, आणि मेथा, गोखले प्रभृति सभासद सभागृह सोडून निघून गेले. बिल मात्र पास झालें. दहा वर्षांनीं, १९११ त, गोखल्यांनीं वरिष्ठ कौन्सिलांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल आणिलें. १९१२ च्या मार्चांत तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. मुलांस शाळा मिळावी हें ज्या आईबापांस वाटत होतें त्यांपैकीं कितीकांस त्या ३८ सभासदांपैकीं एकासही पुढच्या निवडणुकींत घरीं बसवितां आलें असतें?

मग मताचा हक्कच अर्जानें मागण्याची पाळी आली. १९१७ च्या डिसेंबरांत मद्रासेस सरोजिनी नायडू यांच्या पुढारीपणाखालीं स्त्रियांचें एक शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांस भेटलें आणि स्त्रियांस मत मिळावें असें मागितलें. मुंबईच्या कायदेमंडळानें स्त्रियांस तो हक्क १९२१ त दिला. पण तोही मालमत्तेच्या अटींनीं बांधलेला. सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांस, धनी असो वा निर्धन, साक्षर असो वा निरक्षर, मत मिळालें तें १९५० च्या राज्यघटनेनें, आणि तें प्रथम वापरलें गेलें १९५१-५२ च्या निवडणुकींत. शंभर वर्षांपूर्वीं ज्या वाटेनें पहिला अर्ज विलायतेस गेला त्या वाटेचा हा शेवटचा टप्पा.

ही सर्व हकीकत सांगण्याचा हेतु आतां वाचकांच्या ध्यानांत आला असेल. त्या पिढ्यांपाशीं अर्ज होता, मत नव्हतें. आपल्यापाशीं मत आहे, अर्ज नाहीं. त्यांच्या अर्जास बळ नव्हतें, कारण न ऐकणाऱ्यास घरीं बसविण्याचें साधन त्यांजपाशीं नव्हतें. आपल्या मतास वाचा नाहीं, कारण तें कशासाठीं दिलें हें आपण निवडून दिलेल्यास कधीं सांगतच नाहीं. रडल्याशिवाय आईसुद्धां मुलास पाजीत नाहीं म्हणतात. येथें तर लाखांवर मुलें आहेत.

साधनांची वाण आहे असें नाहीं. महाराष्ट्राच्या विधानसभेंत २८८ सभासद आहेत, लोकसभेंत या राज्याचे ४८. पोलीस, पाणी, जमीन, इस्पितळें या राज्याच्या बाबी आमदाराकडे न्याव्या. आगगाडी, टपाल या केंद्राच्या बाबी खासदाराकडे. गल्लींतील नळ आणि गटार यांकरितां म्युनिसिपालिटीचा नगरसेवक आहे. आपल्या प्रतिनिधीनें विधानसभेंत तारांकित प्रश्न घातला, तर मंत्र्यास त्याचें उत्तर द्यावें लागतें. लक्षवेधी सूचना आणिली तर त्यावर निवेदन करावें लागतें. लोकसभेंत लोकांच्या याचिकांचा विचार करणारी समिति आहे. तिची परंपरा १९२४ पासूनची, म्हणजे परकी अमलांतील मध्यवर्ती कायदेमंडळापासूनची आहे. न्यायालयापुढें असलेली किंवा राज्याच्या विधिमंडळांत न्यावयाची बाब तिच्यापुढें सहसा चालत नाहीं. पण महाराष्ट्राच्या विधिमंडळांतही स्वतंत्र समिति आहे, आणि तिचें नांव 'विनंति अर्ज समिति' असें आहे. जुना शब्द तेथें जिवंत राहिला आहे. शिवाय घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानें प्रत्येकास आपलें गाऱ्हाणें संघराज्याच्या वा राज्याच्या अधिकाऱ्याकडे, तेथें वापरांत असलेल्या कोणत्याही भाषेंत मांडण्याचा हक्क दिला आहे. ज्या भाषेंत आपण बांकावर बसून तक्रार करतों, त्याच भाषेंत ती लिहितां येते.

कोणी म्हणेल, पत्र पाठवून उपयोग काय? प्रतिनिधि आपल्या पक्षाचे बांधलेले. ही शंका पोकळ नाहीं. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्यापासून सभासदानें पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलें तर त्याची जागा जाऊं शकते, हें खरें आहे. परंतु तो आदेश मतदानाच्या वेळचा. प्रश्न विचारणें, सूचना देणें, मंत्र्यास भेटून कागद पुढें ठेवणें, आपल्या पक्षाच्या बैठकींत आपल्या भागाची स्थिति सांगणें, यांस तो आड येत नाहीं. आणि गाऱ्हाण्यांपैकीं बहुतेकांचा निकाल मतदानाच्या आधींच लागत असतो. दुसरें असें कीं, उत्तर न आलें म्हणजे पत्र वायां गेलें असें नव्हे. १८५२ च्या अर्जाचें एक कलम नऊ वर्षांनीं उगवलें. आपण तर एका पत्राचें उत्तर पंधरा दिवसांत न आलें कीं लेखणी ठेवून देतों.

पत्र कसें लिहावें, हें त्या जुन्या मंडळींनींच शिकवून ठेविलें आहे. एका पत्रांत एकच गोष्ट असावी. जें मागावयाचें तें पहिल्या चार ओळींत यावें. ताकाला जाऊन भांडें लपवूं नये. शाळा कोणती, गांव कोणतें, केव्हांपासून काय बंद आहे, आधीं कोणाकडे गेलों व काय उत्तर मिळालें, हें सार्वजनिक सभेच्या टिपणांप्रमाणें नेमकें लिहावें. प्रतिनिधीनें काय करावें, प्रश्न घालावा, मंत्र्यास लिहावें कीं जागेवर येऊन पाहावें, तेंही सांगावें. आपण त्याच मतदारसंघांत राहतों हें नांवपत्त्यानिशीं कळवावें, कारण आजचें मुखत्यारपत्र तेंच आहे. शेजारच्या पन्नास माणसांच्या सह्या मिळाल्या तर उत्तम. पन्नास हा आंकडा पुण्यानें १८७० सालीं पुरेसा मानिला होता. आणि महिन्याभरानें, पहिल्या पत्राचा दिनांक देऊन, दुसरें लिहावें. चांगलें काम झालें तर आभाराचें तिसरें लिहावें. ही शेवटची रीत आपण इतकी सोडून दिली आहे कीं तिच्यानें प्रतिनिधि चकित झाल्यास नवल नाहीं.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. सुशिक्षित घरांचीं गाऱ्हाणीं कशींबशीं कोठें तरी पोंचतात. ओळख निघते, दूरध्वनि होतो. ज्यांस लिहितां येत नाहीं, किंवा कोणास लिहावें हें ठाऊक नाहीं, त्यांचें काय? आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईच्या शिधापत्रिकेचें काम अडलें आहे, तिच्या वस्तींतील शाळा दूर आहे, हें आपणांस तिच्याकडून नेहमीं ऐकूं येतें, आणि आपण हळहळतों. १८९७ सालच्या लोकांनीं हळहळण्यापलीकडे एक पाऊल टाकिलें होतें. त्यांनीं नियम मराठींत आणून ज्याचे होते त्याच्या हातीं दिले. तिच्या मताची किंमत आपल्या मताइतकीच आहे, हें तिला सांगणें, आणि पत्र तिच्या शब्दांत लिहून त्याखालीं तिची सही किंवा अंगठा घेणें, एवढें आजच्या घरांतील शाळकरी मुलांसही करतां येईल.

सार्वजनिक काकांची ती वकिलीची रीत शेवटीं पुन्हा एकदां आठवावीशी वाटते. एखाद्या पक्षकारानें वकीलपत्रावर सही करून दिली, पण दाव्याचे कागद वकिलाकडे नेलेच नाहींत, हकीकत सांगितली नाहीं, तारखेस विचारपूसही केली नाहीं, आणि निकाल विरुद्ध गेल्यावर वकिलास बोल लावीत चव्हाट्यावर बसला, तर त्यास आपण काय म्हणूं? दर पांच वर्षांनीं बोटास शाई लावून आपण एक वकीलपत्र देत आलों आहों. कागद अद्याप आपल्याच घरीं पडलेले आहेत.